रवाल घोडीची रिकामी पाठ

तामलवाडीत बलभीम तात्या कुणाचीही परीक्षा चालीवरून करतात. गावात नवी सून आली की बाकीची माणसं तिचं माहेर विचारतात, शिक्षण विचारतात. तात्या तिला आडावरून घरी जाताना एकदा बघतात आणि पोरगी टिकेल की नाही ते सांगून मोकळे होतात. मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याचं भाषण त्यांच्या कानात शिरत नाही. तो गाडीतून उतरून पारापर्यंत कसा चालत आला, तेवढं मात्र पक्कं ध्यानात राहतं. सोलापूरच्या रस्त्यावर नव्या बसगाड्या सुरू झाल्या तेव्हा कंडक्टरनं मोठ्या कौतुकानं गाडी कशी वाटली म्हणून विचारलं होतं. तात्या म्हणाले, पुढून बरी आहे, मागून दुडकी चालते. मागच्या बाकावरच्या माणसांना ते लगेच पटलं.

ही सवय त्यांना लागली ती धंद्यामुळं. तात्यांचं वय आता अठ्ठ्याहत्तर. शेत होतं, ते पोटापुरतं. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते घोड्यांना चाल देणारा माणूस म्हणून. ही विद्या त्यांना चुलत्याकडून मिळाली. चुलता निजामाच्या अमलात एका जहागीरदाराच्या पागेत घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार होता. घोड्यांच्या संगतीत त्याचा स्वभावही घोड्यासारखाच झाला होता, म्हणजे चुकलं की लाथ बसायची. त्या लाथा खात बलभीम नावाचा पोरगा शिकला आणि विसाव्या वर्षी चुलत्याच्या पुढं गेला.

तेव्हा डोंगराकडच्या गावांना रस्ते नव्हते. देवीची लस टोचायला जाणारा डॉक्टर घोड्यावरून जायचा. सोयरिकी जुळवणारे जायचे. एक अंगानं भरलेले कीर्तनकार महाराज होते, ते घोड्यावर बसल्याबरोबर डोळे मिटायचे आणि कीर्तनाच्या गावात उघडायचे. अशा माणसांना शर्यतीचं जनावर काय कामाचं? त्यांना हवं असायचं शांत, समजूतदार, अंगाला हिसका न देणारं घोडं. तसं घोडं जन्मानं क्वचितच मिळतं, बाकीची घडवावी लागतात. ती घडवायला लोक शिंगरं आणून तात्यांच्या दारात बांधायचे आणि सहा महिन्यांनी घेऊन जायचे.

घरापुढचा दगडी ओटा त्या काळातला आहे. घोड्यावर चढायला सोपं जावं म्हणून तात्यांनी तो स्वतःच्या हातानं, रिकिबीच्या उंचीला बेतून रचला होता. पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला. पोटासाठी गावानं खडी फोडली, तात्यांनीही फोडली, आणि त्याच खडीचे रस्ते डोंगरात गेले. रस्त्यामागून एसटी गेली, एसटीमागून मोटारसायकली. आपल्या धंद्यावर आपण स्वतःच खडी अंथरली, असं तात्या हसून सांगतात. हसतात, पण ते सांगताना ओट्याकडं बघत नाहीत. आता त्या ओट्यावर मुक्ताबाई शेंगा वाळत घालतात.

मुक्ताबाई म्हणजे तात्यांच्या घरधनीण. बाई कमी बोलणाऱ्या. मागच्या साली सोलापुरात त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून बहुतेक वेळ त्या ओट्यावरच असतात. तात्या दाराशी खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला जुन्या गोष्टी सांगतात आणि बाई शेंगा निवडत त्या ऐकतात. ऐकतात असं आपलं म्हणायचं. चोपन्न वर्षं त्याच त्या गोष्टी कानावर पडल्यावर माणूस ऐकतो की नुसता बसतो, कुणाला ठाऊक.

दिवाळीच्या सुटीत त्यांची नात अर्पिता घरी आली. ती सोलापूरला कॉलेजात शिकते. मास्तरांनी काम दिलं होतं, की आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून दहा जुने शब्द गोळा करा आणि त्यांचे अर्थ त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. नऊ शब्द आजीनंच दिले. जात्याचे, चुलीचे, वाकळीचे. दहाव्यासाठी ती वही आणि मोबाईल घेऊन आजोबांच्या खाटेशी येऊन बसली.

तात्यांना विचार करावा लागला नाही. शब्द जिभेवर होताच.

“रवाल,” ते म्हणाले. “लिही. रवाल घोडी.”

मग त्यांनी खाटेवरच दोन्ही हात पुढं करून तिला ते समजावलं. साधं घोडं दुडकं पळतं तेव्हा उजवा पुढचा आणि डावा मागचा पाय बरोबर उचलतं, म्हणून बसणारा खाली-वर आपटतो. रवाल घोडं एका अंगाचे दोन्ही पाय बरोबर टाकतं, मग दुसऱ्या अंगाचे. पाठ हलतच नाही, नुसती पुढं सरकते. ही चाल शिकवायला एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय सुताच्या मऊ दोरीनं एकमेकांना बांधायचे आणि रोज दोन-दोन कोस हातात धरून चालवायचं. एक दिवससुद्धा खाडा करायचा नाही. दोरी आखूड झाली तर घोडं अधू होतं, सैल राहिली तर काही शिकत नाही. शेवटी परीक्षा. काठोकाठ भरलेला तांब्या हातात घेऊन घोड्यावर बसायचं आणि घरच्या ओट्यापासून शिवेवरच्या चिंचेपर्यंत जायचं. पाण्याचा थेंब सांडला तर घोडं अजून महिनाभर दावणीला.

अर्पिता भराभर लिहीत होती. तिनं विचारलं, हे सगळं खरं, पण एका ओळीत अर्थ सांगायचा झाला तर काय लिहू?

तात्यांनी मान वर केली. हे वाक्य त्यांनी हजार वेळा म्हटलेलं होतं आणि दर वेळी त्यांना ते नव्यानं आवडायचं.

“रवाल म्हंजे अशी घोडी, की जिच्यावर गरवार बाई बसवावी आन् तिच्या पोटातलं पानी हलू नये.”

अर्पितानं ते जसंच्या तसं लिहिलं. मग सहज, पेनाचं टोपण लावता लावता तिनं विचारलं, “मग आजी बसली होती का कधी?”

तात्या हे ऐकून खूशच झाले. कारण याच्या पुढची गोष्ट ही त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट होती.

साल सत्तर. मुक्ताबाईंचं पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. सातवा महिना लागला, डोहाळजेवण झालं आणि त्यांना डोंगरापलीकडच्या गावी पोचवायचं ठरलं. वाट चार कोसांची, सगळी दगडधोंड्याची. बैलगाडीत घालावं तर हादऱ्यांनी भलतंच काही व्हायचं. त्यापेक्षा सावकाश चालत न्या, असं म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं. तेव्हा तात्यांच्या दावणीला पाटलांची शेवंती नावाची घोडी होती. पाटलीणबाई तुळजाबाईंना पाठीचं दुखणं होतं, म्हणून ती त्यांच्यासाठी रवाल करायला दिलेली. सहा महिने पुरे झालेले, तांब्याची परीक्षाही पार पडलेली, आठवड्यात परत द्यायची. पण चालीत खाडा नको म्हणून तात्यांनी निघताना तिलाही बरोबर घेतलं. पुढं तात्या, त्यांच्या हातात लगाम, लगामाला शेवंती आणि मागं मुक्ताबाई.

“फाल्गुनाचं ऊन. माळ तापल्याला,” तात्या सांगू लागले. “पर घोडी दुसऱ्याची. अमानत. आमच्या धंद्याचा कायदाच हुता, की चालीला दिलेल्या जनावराला घरचं वझं लावायचं न्हाय. ही मागं चालली, पर म्या हिला बसवलं न्हाय. आगं, हिचं गाठोडंसुदिक म्या माझ्या खांद्यावर घेतलं. चार कोस घोडीची पाठ रिकामी. पाटील म्हनले हुते, बलभीम, तुझ्यासारखा इमानी मानूस जिल्ह्यात न्हाय.”

आणि ते थांबले. या जागी ऐकणारा ‘वा तात्या’ म्हणतो. शिक्षक म्हणाले होते, तलाठी म्हणाले होते, बँकेचा साहेबही म्हणाला होता. अर्पिता आजीकडं बघत होती.

“आजी, पोटात बाबा होते ना तेव्हा?” तिनं विचारलं. “तुला बसावंसं नाही वाटलं?”

मुक्ताबाईंनी सुपातल्या शेंगांवरून हात फिरवला.

“शेंगा उन्हातनं काढाय पायजेत,” त्या म्हणाल्या आणि सूप घेऊन, गुडघा सांभाळत, भिंतीला हात लावत आत गेल्या.

अर्पितानं मोबाईल बंद केला. तिच्या तोंडावर राग नव्हता, तो असता तर तात्यांनी तिला दटावलं असतं. तिला नुसतं वाईट वाटलेलं दिसत होतं. त्या दिवशी दुपारची भाकरी तात्यांना गेली नाही. चोपन्न वर्षं ज्या गोष्टीनं त्यांची छाती फुगायची, तीच गोष्ट आज पहिल्यांदाच त्यांना ऐकणाऱ्याच्या बाजूनं ऐकू आली होती. खांद्यावर गाठोडं घेतलेला इमानी माणूस पुढं चाललाय, तो तर नेहमीच दिसायचा. आज त्याच्या मागून येणारी एकवीस वर्षांची पोर दिसली. पाय सुजलेले, एक हात कमरेवर. आणि पुढं, हाताच्या अंतरावर, घोडीची रिकामी पाठ.

पुढचे दोन दिवस तात्यांनी कुणालाच गोष्ट सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी रणधीर आला.

रणधीर म्हणजे त्यांच्या भावकीतला, वरातीला घोडे देणारा. पांढरी झूल, गोंडे, आरसे, डोक्यावर तुरा, सगळा थाट त्याच्याकडं होता. हल्ली नवरदेव बसवून भागत नाही, घोड्यानं डीजेपुढं नाचावंही लागतं. त्यानं नवी पांढरी घोडी आणली होती आणि ती काही केल्या नाचेना. पाय उचलतच नाही, जमिनीला धरून चालते, म्हणून तो वैतागला होता. मार्गशीर्षातल्या माळेगावच्या जत्रेत विकून टाकायची होती. पण त्याआधी तात्यांनी तिचे पाय बघावेत, आत काही दुखणं असलं तर घेणारा उगाच दुखणी घोडी गळ्यात मारली म्हणून बोंब मारायचा.

तात्या काठी टेकत त्याच्या वाड्यामागं गेले. रणधीरनं घोडीला हातात धरून पुढं-मागं चालवलं. तात्यांनी काठी बगलेत धरली आणि डोळ्यांवर हात आडवा केला. एका अंगाचे दोन पाय. मग दुसऱ्या अंगाचे दोन पाय. ही चाल कुणी दोरी बांधून शिकवलेली नव्हती. घोडी आईच्या पोटातूनच ती घेऊन आली होती. साऱ्या आयुष्यात तात्यांनी अशी जन्माची रवाल घोडी दोनदाच पाहिली होती, आणि हिला इथं ढोलापुढं उड्या मारायला लावत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

रणधीरला त्यांनी रवाल म्हणजे काय ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण त्याला त्याचा काय उपयोग? वरात चारशे पावलांची असते. तात्यांनी मग आठ दिवसांसाठी घोडी मागितली. पाय मोकळे करून देतो, जत्रेत चार माणसं थांबून बघतील, असं म्हणाले. रणधीर तयार झाला. आठव्या दिवशी सकाळी दहाला टेम्पो घेऊन येतो, म्हणाला.

चाळीस वर्षांनी तात्यांच्या ओट्यापाशी घोडी बांधली गेली. त्यांनी तिचा तुरा काढला, पायातले घुंगरू काढले आणि तिला नुसतं गवताच्या वासात उभं केलं. रोज सकाळी ते तिला चिंचेपर्यंत नेऊन आणायचे. पहिले दोन दिवस ट्रॅक्टरवर गाणं लागलं तरी ती अंग चोरायची, कारण गाण्याबरोबर चाबूक येतो हे तिला ठाऊक झालं होतं. चौथ्या दिवशी तिनं कान सैल सोडले. पाचव्या दिवशी तात्यांनी तांब्या भरला, ओट्यावर चढले आणि अर्पिताच्या खांद्याचा आधार घेऊन घोडीवर बसले.

घोडी निघाली ती लोण्यावरून हात फिरवावा तशी. पण दहा पावलांत तांब्यातलं पाणी तात्यांच्या धोतरावर सांडलं होतं. त्यांचे हातच कापत होते. घोडीचा काही दोष नव्हता. ते परत फिरले, उतरले आणि ओल्या धोतरानं खाटेवर बसून राहिले. आपली परीक्षा आता आपल्यालाच घेता येत नाही, हे त्यांना फार लागलं. पण खरं सांगायचं तर परीक्षेचा तो नुसता बहाणा होता. घोडी मागून आणली होती ती कुणासाठी, हे तात्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अर्पितालाही माहीत होतं. कदाचित शेंगा निवडणाऱ्या बाईलाही असावं, पण तिच्या तोंडावरून काही कळायचं नाही.

बोलायचं तेवढं राहिलं होतं, आणि तेच होईना. आडदांड घोड्यांना ताळ्यावर आणणारा हा माणूस बायकोपुढं एक वाक्य बोलायला आठ दिवस घाबरला. एकदा त्यांनी पाणी मागितलं आणि ते पिऊन झाल्यावर नुसतंच म्हणाले, घोडी लई गरीब आहे. मुक्ताबाई हूं म्हणाल्या. एकदा म्हणाले, डॉक्टरांनी तुला हादरे नको म्हटलंय, हिला तर हादराच नाही. बाई पुन्हा हूं म्हणाल्या. सातव्या दिवशी त्यांनी अर्पिताला बाजूला घेतलं आणि तू सांग आजीला म्हणून गळ घातली. पोरगी हट्टी, चाल आजीची. तिनं साफ नाही म्हटलं. हे तुम्हीच सांगायचं आहे आबा, म्हणाली, आणि निघून गेली.

आठव्या दिवशी नऊ वाजले. मुक्ताबाई न्हाऊन ओट्यावर येऊन बसल्या होत्या. तात्यांनी घोडीच्या खोगिरावर घरातली मऊ वाकळ दुमडून घातली, घोडी ओट्याला लावून उभी केली आणि लगाम हातात धरून समोर उभे राहिले. आठ दिवस जुळवलेली सगळी वाक्यं ऐनवेळी पळून गेली. उरला तो एकच शब्द.

“बस,” ते म्हणाले.

मुक्ताबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग घोडीवरच्या वाकळीकडं पाहिलं.

“कुठवर?” त्यांनी विचारलं.

“तू म्हनशील तितवर.”

बाईंनी पदर खोचला. अर्पितानं एका बाजूनं धरलं. ओटा बरोबर रिकिबीच्या उंचीचा होता. पन्नास वर्षांमागं ज्यांच्यासाठी रचला त्या पाटील-महाराजांना जसा उपयोगी पडला, तसाच आज घरच्या बाईला पडला. त्या एका अंगाला पाय सोडून बसल्या, दुखरा गुडघा वाकळीवर नीट ठेवला. तात्यांनी आतून तांब्या आणला. काठोकाठ भरला आणि त्यांच्या हातात दिला. मुक्ताबाईंचे हात कापत नव्हते.

देवळामागून जुनी वाट निघते ती शिवेकडं जाते. एका बाजूला आता घरांचे प्लॉट पडलेत, दगड रोवलेत. दुसऱ्या बाजूला अजून ज्वारी उभी असते. पुढं तात्या, त्यांच्या हातात लगाम, लगामाला घोडी. अर्पिता ओट्यापाशीच थांबली. तात्या एकदाही मागं वळले नाहीत. त्यांना टापांच्या आवाजावरूनच कळत होतं की पाय सरळ पडताहेत, आणि मागं जे माणूस होतं त्याच्याकडं बघायचा त्यांना धीर नव्हता. सत्तर सालीही ते असेच पुढं बघत चालले होते. तेव्हा इमानाच्या तोऱ्यात, आणि आज लाजेनं.

चिंचेखाली आल्यावर मुक्ताबाई म्हणाल्या, थांबा.

तात्या थांबले. घोडीही थांबली. त्यांनी सवयीनं आधी तांब्याकडं पाहिलं. पाणी काठाला होतं तसंच होतं, वर ऊन चमकत होतं.

“सांडलं न्हाय,” ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांनी त्यांचा चेहरा उजळला.

“न्हाय सांडलं,” मुक्ताबाई म्हणाल्या. “चाल लई गोड हाय.” मग म्हणाल्या, “तवा म्या हितंच थांबले हुते. ध्यानात हाय का?”

तात्यांच्या ध्यानात होतं. वहाणेचा अंगठा तुटला की काय म्हणून त्या या चिंचेखाली वाकल्या होत्या आणि बऱ्याच वेळानं उठल्या होत्या. ते दहा पावलं पुढं जाऊन उभे राहिले होते.

“वहानंला काय बी झालं नव्हतं,” मुक्ताबाई म्हणाल्या.

त्या घोडीच्या मानेवरून हात फिरवत होत्या. आवाज नेहमीसारखाच होता, शेंगा उन्हातून काढायला हव्यात असं सांगतानाचा.

“डोहाळजेवनात तुळजाबाई पाटलीनबाईंनी माझी वटी भरली. भरताना कानात म्हनल्या, मुक्ता, घोडी माझी हाय, तुझ्या मालकाकडंच हाय, तिच्यावर बसून जा माहेरी. त्येला म्हनावं, म्या सांगितलंय.”

तात्यांच्या हातातला लगाम सैल पडला. घोडीनं मान खाली घालून वाटेवरचं गवत हुंगलं.

“आगं, मग सांगितलं का न्हाईस?” तात्यांनी विचारलं. “एका शब्दानं बोलली असतीस.”

“बोलले असते तर बसिवलं असतंच की तुमी. पाटलीनबाईचा हुकूम म्हून बसिवलं असतं.” मुक्ताबाईंनी तांब्या दोन्ही हातांनी धरला. “म्या वाट बघत हुते, तुमी सोताहून म्हनताल.”

“चार कोस?”

“चार कोस. आन् मग पुढं बी.”

बलभीम तात्या चिंचेच्या मुळावर बसले. आयुष्यभर त्यांनी मुक्या जनावराचं मन ओळखल्याचा डौल मिरवला होता. कान कसा वळला, शेपूट कशी हलली, यावरून घोड्याला काय हवं ते सांगायचे. आणि इथं एक बाई चोपन्न वर्षं एकाच शब्दाची वाट बघत होती. तिच्या कानावर त्यांनी दर महिन्या-पंधरवड्याला तीच रिकाम्या पाठीची गोष्ट घातली होती, आणि वर वाहवा घेतली होती. माफी मागावी असं त्यांना वाटलं. पण नवऱ्यानं बायकोची माफी मागायची रीत त्यांना कुणी शिकवली नव्हती. ते नुसते रडले. म्हातारा माणूस रडतो तसे, आवाज न करता, नाक पुसत.

मुक्ताबाईंनी वरून तांब्या खाली धरला.

“प्या,” त्या म्हणाल्या. “भरल्याला हाय.”

तात्या पाणी प्यायले. निम्मं अंगावर सांडलं. ते बघून मुक्ताबाई पहिल्यांदा हसल्या.

तेवढ्यात तात्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. रणधीर होता. टेम्पो घेऊन ओट्यापाशी उभा होता, घोडी कुठं नेली म्हणून विचारत होता, उशीर होतोय म्हणत होता. तात्यांनी वाटेकडं पाहिलं. चिंचेच्या पुढं ती माळावर चढत होती, दगडांमधून डोंगराकडं, जिथं आता माहेरचं कुणीही उरलं नव्हतं. मग त्यांनी घोडीवर बसलेल्या आपल्या बायकोकडं पाहिलं.

“टेम्पो माघारी धाड, रणधीर,” ते म्हणाले. “आमचे आजून चार कोस व्हायचे हायत.”

त्यांनी मोबाईल खिशात ठेवला, धोतर झटकलं, उठून लगाम धरला आणि या वेळी पुढं न जाता घोडीच्या मानेशी, मुक्ताबाईंच्या गुडघ्याला लागून चालायला लागले.